फ्रीजमधल्या चपला

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीनंतर दप्तर उघडलं आणि तळाशी विसरलेला डबा सापडला, असं तुमचं कधी झालंय? झालं असेल तर तो डबा आठवा. नसेल तर माझ्याबरोबर कल्पना करा. झाकण घट्ट बसलंय. उघडायचं धाडस होत नाही आणि उघडल्याशिवाय राहवतही नाही. शेवटी नाक दाबून तुम्ही ते उघडता, तर आत पोळीभाजी नसतेच. हिरवट, करड्या, मऊ केसांची एक गादी असते. वास असा सुटतो की स्वयंपाकघरातून आई विचारते, "काय मेलंय रे तिकडे?"

त्या गादीचं नाव बुरशी.

आता आणखी थोडं पुढे चला. तुम्ही मोठे व्हाल, तुम्हाला मुलं होतील, त्या काळातलं एक गाव डोळ्यांपुढे आणा. तिथल्या मुलांनी बुरशी पाहिलेलीच नाही. आणि गाव तरी कुठलं, तर आंबोली. पावसाळ्यात जिथे ढग खिडकीतून घरात शिरतात आणि दोरीवरचे कपडे आठवडाभर ओलेच राहतात. पूर्वी तिथे चपलांना बुरशी यायची, पुस्तकांच्या पाठींना यायची, देवळातल्या ढोलाच्या कातड्यालाही यायची.

या गावात जुई राऊळ नावाची मुलगी सहावीत शिकत होती. तिच्या घरी फ्रीज होता आणि त्या फ्रीजमध्ये चपला ठेवत.

हसू नका. त्यामागे कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव होतं निबुर.

निबुर म्हणजे पिंपळाच्या पानाएवढा एक पातळ कागद. डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायचा. त्याला केवड्याचा मंद वास यायचा. कागदात भरलेलं रसायन हळूहळू हवेत मिसळायचं आणि अन्नावर जाऊन बसायचं. मग त्या अन्नाला बुरशी येत नसे.

हे कसं व्हायचं, ते सांगतो. प्रत्येक सजीव पेशींचा बनलेला असतो आणि प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, पाण्याच्या पिशवीला प्लास्टिक असतं तसा. बुरशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. निबुरचे कण हा पदार्थ ओळखतात, त्याला चिकटतात आणि पडद्याला भोकं पाडतात. पिशवी गळायला लागते, पेशी मरते. आपल्या पेशींच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नसतं, त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं. दोघं भावंडंच, पण चेहरे वेगळे. निबुर आपल्या पेशींना ओळखतच नाही, म्हणून आपल्याला त्यापासून अपाय नाही.

हे सगळं खरं होतं, पुन्हा पुन्हा तपासलेलं होतं. पाकिटावरही एवढंच छापलेलं असायचं, 'बुरशीपासून संरक्षण'. लोकांनी मात्र ते वाचलं असं: आता काही नासत नाही.

नासत नाही तर फ्रीज कशाला चालवायचा? विजेचं बिल कशाला भरायचं? आंबोलीत एकेका घरातला फ्रीज बंद झाला. पण फ्रीजचं दार कसं घट्ट बसतं! आत निबुरचा एक कागद लावला की पावसाळाभर चपला कोरड्या आणि चकचकीत. म्हणून चपला फ्रीजमध्ये.

आणि नासत नाही तर रोज स्वयंपाक तरी कशाला करायचा? घरोघरी रविवारचा स्वयंपाक सुरू झाला. रविवारी आठवड्याचा भात, भाजी, भाकऱ्या करून डबे भरायचे आणि मग रोज लागेल तेवढं गरम करून घ्यायचं. 'शिळं' हा शब्दच हळूहळू मागे पडला. जुईला तो माहीत होता, पण फक्त शिळ्या बातमीपुरता.

या रविवारच्या स्वयंपाकानं जुईच्या आईला, स्नेहलला, एक गोष्ट दिली होती. वेळ. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ ओट्याशी उभी राहणारी आई आता मंगळवारी आणि शनिवारी बस चालवायला शिकत होती. तेव्हा खालच्या सपाट रस्त्यांवर बसगाड्या आपल्या आपण धावायच्या, ड्रायव्हर लागायचा नाही. पण आंबोलीच्या घाटात धुकं उतरलं की बसच्या कॅमेऱ्यांना नुसतं पांढरं दिसायचं आणि बस जागच्या जागी थांबायची. घाटाला अजून माणूसच लागत होता. वळण कुठे आहे हे ज्याच्या हातांना पाठ आहे असा माणूस.

स्नेहलच्या हातांना ते लवकर पाठ झालं. अडचण वेगळीच होती. मंगळवारी सपाटीवर तिला काही होत नसे. शनिवारी घाटात मात्र अर्ध्या वाटेवर तिच्या पोटात ढवळायचं. बस बाजूला घेऊन ती उतरायची, कठड्याला धरून उलटी करायची आणि पांढऱ्या चेहऱ्यानं परत यायची.

अख्ख्या आंबोलीला चघळायला विषय मिळाला.

"आम्हा बसणाऱ्यांना गाडी लागते हे ऐकलं होतं," शेजारचे नाना हसायचे, "चालवणारीला गाडी लागते हे नवीनच."

"नाना, तुम्ही बसा ना माझ्या बसमध्ये," आई म्हणायची. "मग बघू कुणाला लागते." हसायची, पण घरात आल्यावर हसू राहायचं नाही.

शिकवणारे मोरजकर साहेब माणूस चांगला, पण नियमाला पक्का. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, स्टिअरिंग उत्तम आहे तुमचं. पण मागे माणसं बसलेली असताना असं चालणार नाही. येत्या शनिवारी परीक्षा. त्या दिवशी उलटी झाली तर तुमचं नाव तिकीट खिडकीकडे पाठवतो."

म्हणून आई आलं चघळायची, लिंबू हुंगायची. आणि बसच्या दोन्ही दिवशी पहाटे निघताना पोटाला हलका म्हणून दहीभात खायची. बाबा आणि जुई भाकरीवाले. घरात भात खाणारी आई एकटीच, तीही बसच्या दिवसांपुरती.

हे लक्षात राहू द्या. जुईच्या मात्र ते लक्षात आलं नव्हतं. रोज डोळ्यांपुढे असलेलं लक्षात येत नाही.

त्याच सुमारास शाळेत पाटकर बाईंनी विज्ञानाचा प्रयोग दिला. तुम्हीही केला असेल. ओला पाव झाकून ठेवायचा आणि त्यावर बुरशी वाढवायची. पुस्तक जुनं होतं, गाव बदललं होतं.

सोमवारी बाईंनी विचारलं, "कुणाच्या पावाला बुरशी आली?"

वर्गात सगळे पाव पांढरे.

"बाई, माझा पाव पंधरा दिवसांचा आहे," मागच्या बाकावरचा वेदांत म्हणाला. "मी त्याला नावसुद्धा ठेवलंय."

"तुमच्या घरी प्रत्येक डब्यात निबुर आहे," बाई म्हणाल्या, "कपाटात आहे, हवेतही आहे. जिथे निबुर नाही अशी जागा शोधा. अख्ख्या गावात एक तरी असेलच."

जुईनं डोकं खाजवलं. मग तिला डायसकाकांची बेकरी आठवली. बेकरीच्या दारावर मोठी पाटी होती, 'निबुर आत आणू नये'. तिला वाटायचं, काका जुन्या वळणाचे आहेत म्हणून असेल.

शाळा सुटल्यावर ती तिकडे गेली. काका कणकेचे गोळे करत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे.

"काका, तुमच्याकडे बुरशी आहे का?"

"गिऱ्हाईक पाव ताजा आहे का विचारतात," काका म्हणाले. "तू एकदम उलटं विचारतेस गो."

"शाळेत पाहिजे. पण तुम्ही निबुर का नाही लावत?"

काकांनी ओल्या फडक्याखालची परात उघडली. कणीक टम्म फुगली होती. "ही कशानं फुगली?"

"यीस्टनं."

"आणि यीस्ट म्हणजे बुरशीचीच चुलत बहीण. तुझा तो कागद इथे आला तर माझं यीस्ट मरणार. मग पावाऐवजी विटा खा, आणि त्याच विटांनी घर बांध." मग त्यांनी मागच्या खिडकीकडे बोट केलं. "तिथे एक तुकडा पडलाय बघ. कालच टाकणार होतो."

खिडकीत पावाच्या तुकड्यावर हिरवी मखमल पसरली होती. जुई किती तरी वेळ तिच्याकडे बघत राहिली. घाण वाटायला हवी होती, पण तिला ती सुंदर वाटली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो तुकडा काचेखाली ठेवला आणि वर्गाची झुंबड उडाली. मग बाई म्हणाल्या, "आता खरा प्रयोग. एकच पदार्थ दोन डब्यांत ठेवा. एका डब्यात निबुर, दुसऱ्यात नाही. बाकी सगळं सारखं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे जे घडेल ते कशामुळे घडलं हे कळतं."

जुईनं रविवारच्या पातेल्यात उरलेला, अजून डब्यात न भरलेला भात घेतला. एक डबा निबुर लावून वर्गाच्या कपाटात ठेवला. दुसरा बिननिबुरचा, डायसकाकांच्या खिडकीत, कारण वर्गाच्या हवेतही निबुर होतं.

शुक्रवारी दोन्ही डबे वर्गात उघडले.

काकांच्या खिडकीतल्या डब्यात जंगल माजलं होतं, हिरवं, काळं, मधेच केशरी. मुली किंचाळल्या, मुलं पुढे सरकली. निबुरच्या डब्यातला भात जुईच्या फुलांसारखा पांढरा. झाकण उघडताच केवडा दरवळला. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"निबुर जिंकलं," वेदांत म्हणाला. "मी खाऊन दाखवू?"

"थांब," जुई म्हणाली. तिनं चमच्यानं थोडा भात उचलला. शीत सुटून आलं नाही. चमच्यापासून डब्यापर्यंत एक बारीक, चकाकणारा धागा लोंबत राहिला. तिनं चमचा आणखी वर नेला. धागा तुटला नाही.

"बाई, याला चीजसारखं काय होतंय?"

बाई वाकल्या. त्यांनी डबा नाकाशी नेला, मग झाकण बाजूला ठेवून केवडा निघून जाईपर्यंत थांबल्या आणि पुन्हा वास घेतला. त्यांचा चेहरा बदलला.

"तार आलीय," त्या हळूच म्हणाल्या. "माझी आई म्हणायची. भाताला तार आली, टाकून दे. किती वर्षांनी हा शब्द तोंडात आला माझ्या."

"पण बुरशी तर नाही," कुणीतरी म्हणालं.

"बुरशी नाही. हे जिवाणूंचं काम." बाई टेबलाला टेकल्या आणि सावकाश सांगू लागल्या. "निबुर काय ओळखतं? एर्गोस्टेरॉल. जिवाणूंच्या पडद्यात ते नसतंच. निबुर त्यांच्या शेजारून निघून जातं. उलट बुरशी मेली की सगळं रान जिवाणूंनाच मोकळं. आणि भाताचा एक खास जिवाणू असतो. भात शिजताना बाकीचे मरतात, हा टणक कवचात निजून राहतो. भात कोमट झाला की जागा होतो, वाढतो आणि भातात विष सोडतो. भात पुन्हा गरम केला तर जिवाणू मरतात, पण ते विष राहतं. उकळलं तरी जात नाही."

"मग काय होतं?" जुईनं विचारलं.

"ज्यानं खाल्लं त्याला थोड्या तासांत मळमळतं. उलट्या होतात. मग सगळं पोटाबाहेर गेलं की बरं वाटतं. बुरशी वाईटच, मुलांनो. पण ती दिसायची. ती दिसली की आपण ताट बाजूला सारायचो. आपण ती धोक्याची पाटीच पुसून टाकली."

बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा स्वतःचा जेवणाचा डबा उचलला आणि पिशवीत ठेवून दिला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

जुईला पुढचं काही ऐकू आलं नाही. थोड्या तासांत मळमळतं. मग बरं वाटतं. शनिवारचा भात आठवड्यातला सगळ्यात जुना. वरून दही, म्हणजे तार दिसणार नाही आणि वासही लपणार.

पण बाई म्हणाल्या होत्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शनिवारी दोन गोष्टी असतात, जुना भात आणि घाट. दोष कुणाचा?

आणि तिला मागच्या महिन्यातली दरड आठवली. दरडीमुळे शनिवारी घाट बंद होता, म्हणून साहेबांनी घाटाची फेरी पुढच्या मंगळवारी घेतली होती. शाळेला सुट्टी असल्यानं जुईही मागच्या सीटवर बसून गेली होती. दुधासारखं धुकं. आईनं बस सावंतवाडीला नेली, परत आणली. मधे स्टँडवर उतरून चवीनं बटाटेवडे खाल्ले. तिला काही झालं नव्हतं. आणि जे झालं नाही त्याबद्दल बोलणार कोण?

घाट तोच होता. फक्त भात दोन दिवसांचा होता.

संध्याकाळी आई ओट्यापाशी उभी राहून लिंबं कापत होती, उद्यासाठी. बाबा पोस्टातून नुकतेच आले होते आणि भाकरी मोडत होते. जुईनं सगळं सांगितलं. तार, निजलेला जिवाणू, दरडीचा मंगळवार.

आई ऐकत राहिली. मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "झालं सांगून?"

"आई, तुला गाडी लागत नाही. तुला भात लागतो."

बाबांना हसू आलं. आईला आलं नाही.

"म्हणजे आता रोज ताजा भात शिजवायचा," ती म्हणाली. "मग रोज भाजी. मग रोज भाकरी, कारण सुरू झालं की ते भातावर थांबत नाही. पहाटे उठून तुमचं सगळं करायचं आणि मग पळत स्टँडवर जायचं. मागे पंधरा वर्षं तेच केलं मी. जुई, या एका कागदानं मला ओट्यापासून सोडवलंय. त्यालाच तू चोर ठरवतेस?"

"मी निबुरला नाही म्हणत. ते बुरशीपुरतं खरंच..."

"उद्या परीक्षा आहे माझी. आज मला काही शिकवू नकोस."

"मग दहीभात तरी नको खाऊस."

"उपाशी पोटी घाट चालवू? चक्कर येऊन दरीत जाऊ?"

 जुईला रडू येत होतं. आईला न पटणं तिला समजलं असतं. पण आईला पटलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि म्हणूनच ती चिडली होती. भात टाकून द्यायचा तर तिला पुन्हा ओट्याशी उभं राहावं लागणार. भात खायचा तर घाट हातचा जाणार.

बाबा भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. "पण ती म्हणते ते..." त्यांनी सुरुवात केली.

"तुम्ही बोलूच नका," आई म्हणाली. "तुम्हाला पाणी तरी उकळता येतं का?"

खरंच येत नव्हतं. बाबांनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला.

शनिवारी उजाडायच्या आधी स्वयंपाकघरात दिवा लागला. आईनं नव्हता लावला. पाट ओट्यापाशी सरकवून जुई त्यावर उभी होती. तिनं तांदूळ धुतले, पाणी ओतलं. मऊ भाताला जरा जास्त हवं एवढं तिला ठाऊक होतं. तिनं बोट बुडवून पाहिलं. एक पेर की दोन? दोन धरली.

मग ती बाबांपाशी गेली आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"उठा. कुकर मला उचलत नाही."

"अजून अंधार आहे ग."

"आई रोज अंधारातच उठायची. उठा, आणि पापड भाजायचाय."

पहिली शिट्टी झाली तशी आई धडपडत उठून आली. दारातच थांबली. बाबा पापडाकडे टक लावून चिमटा धरून उभे होते आणि पापडाची एक बाजू काळी झाली होती. ओट्यावर रविवारचा भाताचा डबा उघडा, रिकामा, धुऊन पालथा घातलेला.

 जुईनं ताटलीत वाफाळता भात वाढला. जरा गिचका झाला होता, दोन पेरं जास्तच झाली होती. तिनं वर तुपाची धार सोडली, मेतकूट भुरभुरलं आणि ताटली पुढे सरकवली.

आईनं चमच्यानं भात उचलला, उंच धरला आणि निरखून पाहिला. तार नव्हती. ती खाली बसली आणि सगळा भात संपवला. काळा पापडही खाल्ला.

"उद्या कोण करणार?" उठताना तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती.

"उद्या मी," बाबा म्हणाले. "परवा जुई. तेरवा तू, बस नसेल तर."

"तुम्ही करणार?"

"शिकेन. तू बस शिकलीस, मी भात शिकतो."

आई फ्रीजचं दार उघडून चपला घालून निघाली. जाताना जुईला म्हणाली, "परत येताना आपल्या वळणावर दोनदा हॉर्न वाजवीन. एकदाच वाजला तर समज, साहेब चालवतायत."

सकाळ सरत आली. धुकं अंगणातल्या फणसापर्यंत येऊन थांबलं होतं. जुई पायरीवर बसून होती. बाबा दोनदा येऊन विचारून गेले, "वाजला का?" शेजारच्या नानांनी कुंपणावरून डोकं काढलं. "काय गो, आज किती वेळा थांबली बस?" जुई वळणाकडेच बघत राहिली.

मग खालून इंजिनाचा आवाज आला. चढावर दमलेला, पण एकसारखा. वळणाशी येताना तो थोडा मंदावला.

हॉर्न वाजला.

जुई पायरीवरून उठली. बाबा दारात आले होते, हातात ओलं पातेलं. नानांनीही मान वळणाकडे वळवली.

पुन्हा हॉर्न वाजला, लांबलचक, धुकं फाडत गेला तो.

बाबांनी पातेलं तसंच खाली ठेवलं आणि नानांकडे बघून नुसते हसले. जुई मात्र ओरडली नाही, नाचली नाही. ती आत गेली. सकाळचा भात थोडा उरला होता. तिनं फ्रीजचं दार उघडलं, आतल्या चपला एकेक करून बाहेर काढून दाराशी ओळीनं मांडल्या, कप्पे साबणानं घासून स्वच्छ पुसले, आणि प्लग लावला.